सुपारी फुटल्यावर आलेला रिपोर्ट

तुमच्या मुलाच्या लग्नाची सुपारी फुटली आहे, पत्रिका छापून झाल्या आहेत, आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही असल्याचा कागद तुमच्या हातात आला आहे. तुम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन हे सांगाल का?

लगेच 'हो' म्हणू नका. माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कामगारांच्या हक्कासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस आयुष्यात कुणासमोर खोटं बोललेला मी ऐकला नाही. पण मुलीच्या घरी ते गेले नाहीत, आई गेली नाही आणि मीही गेलो नाही. एकोणीस दिवस आम्ही तिघं गप्प बसलो. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे.

कागद

दोन महिने खोकला जात नव्हता. छातीत पाणी झालं म्हणून मला सरकारी रुग्णालयात दाखल केलं. तेव्हा, १९९७ साली, मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकुनी करत होतो. आठवड्यानं डॉक्टरांनी मला आणि अण्णांना आत बोलावलं. टेबलावर एक कागद पालथा ठेवलेला होता.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चुकवल्या नाहीत तर बरा होईल." मग त्यांनी कागद सुलटा केला. "हे दुसरं. एचआयव्ही पॉझिटिव्ह. दोनदा तपासलंय."

"म्हंजे काय ते?" अण्णांनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं, तरी विचारलं.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्न झालंय?"

"ठरलंय."

"मग त्या मुलीला आधी कळलं पाहिजे. तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

अण्णांनी मान हलवली. ती मान मी लहानपणापासून ओळखतो. मालकांच्या प्रतिनिधीसमोर ते अशीच मान हलवायचे. तिचा अर्थ, ऐकलं, पण कबूल नाही.

त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही, ती नंतर आली. तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की बाहेर बाकावर आई बसली आहे आणि आता दार उघडून आम्हाला तिच्यासमोर जायचं आहे.

हे कसं झालं

ज्यांना ज्यांना कळलं, त्या सगळ्यांनी मला हा प्रश्न विचारला. रक्त चढवलं होतं का, सुई कुठली होती, की 'बाहेर' गेला होतास? याचं उत्तर मी इथं देणार नाही. लाजेमुळे नव्हे. माझं उत्तर ऐकून तुम्ही मला दोनपैकी एका खोक्यात टाकणार: बिचारा, नाहीतर याच लायकीचा. बिचाऱ्याला सहानुभूती आणि दुसऱ्याला शिक्षा, अशी वाटणी ज्यांनी केली, त्यांनीच लोकांना दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवलं. विषाणू अशी वाटणी करत नाही. मीही करणार नाही.

वॉर्ड

रिपोर्टनंतर माझ्या केसपेपरवर लाल वर्तुळ आलं आणि खाट हलून संडासाच्या भिंतीशी गेली. जेवणाचं ताट जमिनीवर ठेवून पायानं खाटेखाली सरकवलं जायचं. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला गोळ्या, मग छातीतलं पाणी काढायचं असेल तर उघड्या अंगानं बसून वाट पाहायची. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी मी ती रक्ताची समजलो आणि कुणाला न सांगता चादर तोंडावर ओढून पडलो.

एक वयस्कर सिस्टर होत्या, केरळातल्या कोट्टायमच्या. मराठी मोडकं, राग मात्र अस्सल. त्या माझी नाडी उघड्या बोटांनी पाहायच्या. दुसऱ्या एका नर्सनं त्यांना हातमोजे दाखवले, तेव्हा म्हणाल्या, "नाडी बोटाला ऐकू येते, रबराला नाही." मग माझ्यावर खेकसल्या, "आणि तू काय बघतो? गोळी गिळ." आजारपणात माझ्याशी कुणी इतकं प्रेमानं बोललं नाही.

अण्णांना वाटलेली भीती

माथाडी माणूस टोळीनं काम करतो, पोतं एकटा उचलत नाही. दोघं ते दोन्ही बाजूंनी धरतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. म्हणजे ज्याच्या पाठीवर पोतं द्यायचं नाही असं टोळीनं ठरवलं, त्याचं काम त्याच दिवशी संपलं. त्याला कुणी काढून टाकायची गरज पडत नाही.

अण्णांच्या टोळीत शिवराम नावाचा एक गडी होता. वर्षभरापूर्वी त्याचं वजन उतरत गेलं, तोंड आलं, आणि कुजबुज सुरू झाली. एके सकाळी तो पाठ वाकवून उभा राहिला आणि पोत्याला कुणी हात घातला नाही. थोडा वेळ तसाच वाकून राहिला, मग सरळ झाला, डोक्यावरचं फडकं झटकलं आणि गेला. थेट गावी, बायकोकडे. रक्त तपासलं नाही. कुठं तपासतात हे विचारणं म्हणजेच कबुली, असं तो अण्णांना म्हणाला होता.

आता माझा भाग सांगतो. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. अण्णा मजकूर सांगायचे, आई मैद्याची खळ शिजवायची आणि मी भिंतीवर चिकटवायचो. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकापेक्षा 'बंधूंनो, जागे व्हा' या ओळीतून जास्त झाली. मोठा झाल्यावर वस्तीतल्या तरुण मंडळासाठी मी स्वतः पत्रकं लिहू लागलो, आणि त्यातलं एक एड्सवर होतं. वर कवटी, खाली माझी वाक्यं: 'एक चूक आणि खेळ खलास. अशा माणसांना ओळखा, चार हात दूर राहा.' लोक घाबरतील आणि वाचतील, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. बाजारातल्या विश्रांतीच्या शेडमध्ये ते मी स्वतः चिकटवलं होतं.

खाटेशी बसून अण्णा हळू आवाजात म्हणाले, "शिवरामला लोकांनी तुझं पत्रक दाखवलं. वाच म्हणाले. आता तेच मला दाखवतील."

लोक घाबरले होते खरे, पण घाबरलेला माणूस काळजी घेत नाही, तो लपतो. लपलेला माणूस घरी जातो आणि घरी बायको असते. माझ्या शेकडो कवट्यांनी एवढंच काम केलं होतं.

सुपारी

आमचं मूळ साताऱ्याकडचं. नेरूळला बैठ्या घरात येऊन बरीच वर्षं झाली, पण सोयरीक अजून तिकडच्याच रीतीनं होते. दोन्हीकडची मिळून पाच माणसं बसतात, सुपारी फोडतात आणि लग्न ठरतं. मोडायचं झालं तर त्याच पाच माणसांपुढे बसून कारण सांगायचं. कारण दिलं नाही, किंवा पटलं नाही, तर त्या घराशी पुढं सोयरीक करायला कुणी धजत नाही.

माझं लग्न सानपाड्याच्या वंदनाशी ठरलं होतं. ती बालवाडी चालवायची.

आई म्हणाली, "लग्न होऊ दे. तोवर औषध निघंल. देव काय आंधळा हाय का?"

"आणि त्या पोरीचं काय?" मी विचारलं.

"तिला मी पोटच्या पोरीसारखी जपीन."

आई हे मनापासून बोलत होती, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. अण्णा म्हणाले, "बैठकीत कारण काय सांगू ते तू सांग. तुला लिहिता येतं ना? लिहून दे मला एक कारण."

मी लिहून दिलं नाही. बघू म्हणालो. मालकाविरुद्ध, पुढाऱ्याविरुद्ध वाटेल ते छापणारा मी, आईच्या डोळ्यांसमोर 'बघू' म्हणालो.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर बाळाराम होता, उरणजवळच्या मोरा बंदरावरचा मासेमार. त्याच्याही केसपेपरवर लाल वर्तुळ होतं. त्याची बायको चंद्रा रोज एस.टी.नं डबा घेऊन यायची आणि दोन माणसांचं आणायची. "खा रं भाऊ," म्हणायची, "दवाखान्याचा जेवान खाऊन मानूस बरा व्हतो व्हय?" बोंबलाचं कालवण आणि भात. माझं ताट ती स्वतः धुवायची. आमच्या दोघांनाही साधा टीबी आहे, असा तिचा समज होता. तिला चौथा महिना होता.

एका दुपारी ती परत गेल्यावर मी बाळारामला माझ्या लग्नाचं सांगितलं.

"माजा बी असाच झाला," तो म्हणाला. "कागद हातान आला तवा हलद लागाला आठ दिस व्हते."

"लग्नाआधी कळलं होतं तुला?"

"व्हय."

"मग?"

"मंग काय. आयस बोलली, लगीन मोडला तं गावान तोंड कसा दाखवाचा. लोकं इचारतील, का मोडला. त्याला काय सांगाचा? हलद लावली."

"चंद्राला माहीत आहे?"

"टीबी हाय, इतकाच ठाव हाय तिला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याच्या आईचं वाक्य आणि माझ्या आईचं वाक्य यात फक्त बोलीचा फरक होता. तो वाईट माणूस नव्हता. रोज चंद्रा निघाली की ती फाटकातून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत उभा राहायचा. तरीही त्यानं तिच्या अंगाला हळद लागू दिली होती. माझी हळद अजून लागायची होती, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी चंद्रानं डबा उघडला आणि मी नुसताच भात चिवडत बसलो. "भाऊ, तिखाट झाला काय?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

बालवाडी

रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर घरी न जाता मी रिक्षानं सानपाड्याला गेलो. मुलं घरी गेली होती. वंदना सतरंजी झटकत होती.

"अगंबाई, केवढे वाळलात," ती म्हणाली. "आमच्या बालवाडीतला पोषण आहार सुरू करू का तुमचा?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. तिनं सतरंजीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"एकोणीस दिवस झाले."

"म्हणजे मी आईबरोबर शालू आणायला गेले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मला निरोप आला, मुलाला थोडा अशक्तपणा आहे म्हणून."

ती रडली, पण माझ्याकडे पाठ करून आणि फार थोडा वेळ. मग तोंड धुऊन आली.

मी म्हणालो, "बैठकीत मी सगळं खरं सांगणार आहे. पाचही जणांसमोर. लपवालपवी खूप झाली."

"वा. म्हणजे तुम्ही शूर," ती म्हणाली. "आणि माझं काय? सुपारी फुटल्यापासून आपण दोनदा जत्रेला गेलो, एकदा वाशीला गेलो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या मला विचारतील, अजून कुठं कुठं गेला होतात. माझ्या पाठीवर धाकटी बहीण आहे. तिच्यापर्यंत जाईल ते."

भिंतीवर जे चिकटवता येत नाही ते खरं नव्हेच, अशा समजात मी वाढलो होतो.

"मला सांगितलंत ते बरोबर केलंत," ती म्हणाली. "ते माझ्या जिवावर येणार होतं, म्हणून ते माझं होतं. बैठकीला बसणाऱ्या आमच्या मामांचं काय जाणार आहे त्यात? त्यांना कशाला हवंय?"

आजाराबद्दल पुढं मी बरंच वाचलं. याहून शहाणं वाक्य मला कुठं सापडलं नाही.

बैठक

घरी येऊन मी वंदनाला सगळं सांगितल्याचं आणि तिचं म्हणणं सांगितलं, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णा मात्र ऐकून पाठीवरचं ओझं उतरल्यासारखे बसले. "पोरीला कळलं ना?" एवढंच विचारलं. मग स्वतः पाच जणांना निरोप धाडला.

बैठक आमच्याच घरी झाली. मी दाराआड होतो. अण्णा हात जोडून म्हणाले, "ही सोयरीक आम्हाला करता येत नाही. मुलीत काडीचा दोष नाही. जे आहे ते आमच्याकडं आहे. कारण विचारू नका."

वंदनाचे मामा उसळले. "असं कसं? पत्रिका वाटल्या, मांडव सांगितला. कारण सांगा. पोरगं कुठं अडकलंय? का आणखी काही आहे? दवाखान्यात होतं म्हणे."

ज्या माणसानं बाजार बंद पाडणारी भाषणं केली, तो भिंतीला पाठ लावून खाली बघत होता. मामांनी परत विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं असतं तर अण्णा मोडले असते. मी उंबऱ्यावर पाय ठेवला होता.

तेवढ्यात बापू मुकादम बोलले. ते पाचांतले सगळ्यात वयस्कर, अण्णांच्या टोळीचे मुकादम, आणि बाजारात त्यांची ख्याती अशी, की कुणाच्या घरी भाजी काय केली हेही विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

"मला कारण नको," ते म्हणाले.

"बापू, रीत आहे," मामा म्हणाले.

"रीत मला शिकवू नको. पोराच्या बापानं दोष पदरात घेतलाय, पोरीला चांगलं म्हणतोय. आणखी काय त्याची कातडी सोलायची? ज्याला विचारायचंय त्यानं आपल्या घरी जाऊन आपल्या पोरांना विचारावं." मग सुपारीचं तबक मामांकडे सरकवून म्हणाले, "पान लाव. उशीर झालाय."

मामांनी पान लावलं. उरलेल्या तिघांनीही ते घेतलं. एका जुन्या माणसानं एक प्रश्न विचारायचा नाकारला, आणि मोडता येत नाही असं आम्ही मानत होतो ते लग्न चहा थंड व्हायच्या आत मोडलं.

सगळं गोड झालं असं नाही. कुजबुज झालीच. टोळीतल्या दोघांनी अण्णांच्या तांब्यातलं पाणी पिणं सोडलं. पण पोतं द्यायला बापू मुकादम स्वतः पुढं व्हायचे, त्यामुळे बाकीच्यांनाही हात लावावा लागला.

नंतर

माझा टीबी बरा झाला. दुसरं आहे ते आहे. त्यावर औषधं आली आहेत असं ऐकतो, पण आज, १९९९ सालीही, ती आमच्या आवाक्यात नाहीत. मी कामावर जातो, जेवतो, वेळेवर झोपतो आणि महिन्याला रक्तदाब, वजन दाखवून येतो. आईनं माझं ताट कधी वेगळं केलं नाही, हे इथं नोंदवतो.

वंदनाचं लग्न पुढच्या वर्षी झालं. ती ठणठणीत आहे. एक लागण होणार होती ती झाली नाही, आणि न झालेली लागण कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. म्हणून ती इथं लिहून ठेवतो.

बाळाराम गेला. जाण्याआधी दोन महिने, मी आणि सिस्टर समोर बसलेले असताना, त्यानं चंद्राला सांगितलं. तिचं रक्त तपासलं. तिच्याही रक्तात निघालं.

तिनं मला हे लिहायला सांगितलं आहे. नावं बदल, बाकी काही बदलू नको म्हणाली. मी तिला भेटायला गेलो होतो तेव्हा ती दारात सुके बोंबील निवडत होती. मुलगी मांडीवर होती. म्हणाली, "भाऊ, लगीन मोडला असता तं मी चार दिस रडली असती. मंग आयसनं दुसरा बगला असता. चार दिसांचा रडना वाचवाला लोकांनी मना हा रोग दिला."

तिला हे बाळारामनं एकट्यानं दिलं नाही. 'का मोडलं' असं विचारायला टपलेल्या सगळ्या गावानं दिलं. मोऱ्याच्या जागी नेरूळ घाला, सानपाडा घाला, तुमची सोसायटी घाला. रोग रक्तातून जातो हे खरं. पण त्याला रक्तापर्यंत वाट आपण करून देतो, जिन्यात उभं राहून, पान लावत, 'सहज' चौकशी करत.

म्हणून माझं मागणं एकच आहे. यंदाच्या लग्नसराईत तुमच्या नात्यात किंवा शेजारी एखादं ठरलेलं लग्न मोडेल. तेव्हा त्या घरी जा, चहा घ्या, आणि कारण विचारू नका. चारचौघांत दुसऱ्या कुणी विचारलं, तर तुम्ही मोठ्यानं म्हणा, "मला कारण नको."